कासारणीचं तट्टू

फार पूर्वीची गोष्ट. वाटा तेव्हा माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनीच पडत. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक कासार आणि त्याची कासारीण राहत होती.

डोंगरावर सात वाड्या होत्या. कासारीण रोज एक वाडी गाठायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन चढ चढायची, बायकामुलींना बांगड्या भरायची आणि दिवस कलायच्या आत उतरायची. कासार घरी बसून माल निवडायचा, माळा ओवायचा. वीस वर्षं असं चाललं. मग कासारणीचे गुडघे कुरकुरू लागले.

"अहो," ती एक दिवस म्हणाली, "आता एखादं जनावर घेऊ या. नाहीतर वाड्या बंद होतील. आणि वाड्या बंद झाल्या की चूलही बंद."

दोघं घोडेबाजारात गेली.

लहानथोरांनो, त्या बाजाराची रीत ऐका, आणि तिला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. तिथे घोडा विकणारा घोड्याचे पाय दाखवत नसे. तो भोवरे दाखवी. जनावराच्या अंगावर केस गोल वळतात, तो भोवरा. मानेवर अमुक जागी असला तर घरात भाग्य येतं, कपाळावर तमुक जागी असला तर घर बुडतं. हे कोणी ठरवलं? दलालांनी. कोणाच्या फायद्यासाठी? तेही त्यांनाच विचारायला हवं होतं, पण कोणी विचारत नसे. केसांच्या एका वळणावरून एक जनावर सोन्याच्या भावाने जाई आणि दुसरं मातीमोल होई. शहाणीसुरती माणसं माना डोलवत आणि कनवटीला हात घालत.

कासाराची नजर एका उंच पांढऱ्या घोड्यावर खिळली. मानेवर शुभ भोवरा, शेपटी जमिनीला टेकलेली, अंगावर जरीची झूल.

"अगं, रूप तर बघ!" कासार म्हणाला.

"रूप बघितलं. खातो काय?" कासारणीने दलालाला विचारलं.

"बाई, याचा आजा राजाच्या पागेत होता."

"आजा नाही, हा काय खातो?"

दलाल जरा घुटमळला. "भिजवलेला हरभरा. सकाळी गूळ. थंडीत थोडं तूप. आणि देखभालीला एक मोतद्दार ठेवावा लागेल."

"अहो, ऐकलंत? आपण कडबा खायचा आणि त्याला तूप घालायचं. बरं, चालतो कसा?"

"चालतो? बाई, हा उडतो!"

"उडणारं मला नको. माझ्या टोपलीत काच असते."

बाजाराच्या टोकाला, बाभळीखाली, एक बुटकं तपकिरी तट्टू उभं होतं. कान लांब, पोट गोल. कपाळाच्या मधोमध भोवरा. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं.

"त्याच्या वाटेला जाऊ नका," दलाल मागून ओरडला. "तो अशुभ भोवरा आहे. ज्याच्या दारात हे उभं राहील, त्याच्या घरात रडं उठेल!"

कासारणीने कमरेची बांगड्यांची माळ सोडून हातात धरली आणि ती तट्टूवर बसली. तट्टू छोटी छोटी पावलं टाकत, ठुमकत निघालं. दगड आला, त्याने वळसा घातला. चढ आला, त्याने मान खाली घातली आणि पाऊल चाचपून टाकलं. माळेतल्या बांगड्या एका तालात किणकिणत राहिल्या. एकही तडकली नाही. तालावर तट्टूचे लांब कान असे हलू लागले की कासारणीला हसू आलं. वीस वर्षांत त्या डोंगराच्या वाटेचा विचार करून तिला पहिल्यांदा हसू आलं होतं.

"हेच," ती म्हणाली.

"अगं, भोवरा..."

"भोवऱ्याला कडबा लागत नाही. चला."

परतीच्या वाटेवर तिने तट्टूला विचारलं, "का रे ठुमक्या, तुझ्या कपाळावर काय आहे, ठाऊक आहे का तुला?"

त्या काळी जनावरं बोलत आणि माणसं ऐकत. तट्टू म्हणालं, "मावशी, कपाळ मला दिसत नाही. मला वाट दिसते."

ठुमक्याने घराचं रूपच बदलून टाकलं. वाटेवरचं गवत, थोडा कडबा आणि कासारणीच्या हातची शिळी भाकरी, एवढ्यावर तो खूश. कासारीण आता दिवसाला दोन वाड्या करी. पाळण्यावर बसल्यासारखी झुलत जाई आणि गाणं गुणगुणत येई. कासार आधी नाक मुरडायचा. मग "पाणी पाजून आणतो" म्हणून तट्टूवर बसून ओढ्यापर्यंत जायचा आणि तासभर यायचाच नाही.

"ओढा लांब गेला वाटतं," कासारीण म्हणायची.

"तट्टूला तहान फार," कासार म्हणायचा.

पण बाजारात बोललेलं वाड्यांवर पोचायला किती वेळ लागतो? तो पांढरा घोडा वरच्या वाडीच्या पाटलांनी घेतला होता. तो बारा महिने ओसरीपुढे उभा राहून हरभरा खाई. सणाच्या दिवशी पाटील त्याच्यावर बसत. शेतावर मात्र ते पायीच जात, कारण घोड्याच्या खुरांना दगड बोचत! दलालाचं बोलणं पाटलांनी कानाने ऐकलं होतं. त्यांनी ते सगळ्या वाड्यांना सांगितलं. बायकांनी दारं लोटली. ज्या हातांना कासारणीने वीस वर्षं बांगड्या भरल्या, ते हात पदराआड गेले. अशुभ तट्टूवरून आलेली काच अंगाला नको म्हणे!

त्यात पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नात नवरीला हिरवा चुडा भरायचा मान कासारणीचा. पाटलांनी निरोप धाडला : चुडा शहरातून आमच्या शुभ घोड्यावरून येईल. तुमचं तट्टू वेशीच्या आत दिसता कामा नये.

कासार हादरला. "अगं, पाटलांनी नाकारलं म्हणजे सातही वाड्यांनी नाकारलं. तट्टू विकून टाकू."

"विकून मी पुन्हा चालू? या गुडघ्यांनी?"

"मग काय करायचं?"

"त्या पोरीच्या हातात पाळण्यात असताना पहिलं कडं मी घातलं. माहेरची शेवटची बांगडीही मीच भरणार. आत घेत नाहीत ना? वेशीबाहेर बसेन."

हळदीच्या दिवशी सकाळी कासारीण पेंढ्यात गुंडाळलेला चुडा घेऊन वरच्या वाडीच्या वेशीबाहेर झाडाखाली जाऊन बसली. सोबत कासार होता, मागे ठुमक्या चरत होता. येणारेजाणारे लांबून वळसा घालत.

दुपारी शहरातून पांढरा घोडा आला. गळ्यात फुलांचा हार, खोगिराला बांधलेली चंदनाची पेटी. पाटलांनी साऱ्या बायकांसमोर पेटी उघडली.

आत हिरवा चुरा होता. घोडा सपाट रस्त्यासाठी जन्मलेला. घाटाच्या दगडांवर त्याने धडाधड उड्या मारल्या होत्या. त्यात त्याची काही चूक नव्हती. ज्यांनी त्याला तिथे धाडलं, त्यांची होती.

मांडवातल्या बायका पेटीवर वाकल्या. लग्नघरात बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. एक म्हातारी पुटपुटली, "वाढल्या गं बाई बांगड्या."

"आजी, वाढल्या म्हणा नाहीतर फुटल्या," नवरी म्हणाली, "माझे हात मोकळेच आहेत."

"शहर एका दिवसावर आहे," पाटील कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "हळद थांबवावी लागेल. मुहूर्त टळेल. वराकडची मंडळी काय म्हणतील?"

"बाबा, मावशी वेशीबाहेर बसली आहे."

"त्या तट्टूसोबत?"

"तुमच्या शुभ घोड्याने माझ्या लग्नात काच फोडून आणली. आता अजून अशुभ काय व्हायचं राहिलंय?"

मुलगी तशीच उठून चालू लागली. पाटील मागे, मांडवातल्या बायका त्यांच्या मागे. वेशीबाहेरच्या दगडावर बसून तिने दोन्ही हात पुढे केले.

"भर मावशी. तू भरताना बोलतेस तसं बोलतही राहा, नाहीतर मला रडू येईल."

"रडतेस कशाला गं? हात सैल सोड. सासूसमोर ताठ ठेव, इथे सैल सोड."

पेंढ्यातून एकेक बांगडी निघत गेली. एक, दोन, पाच, अकरा. पाटील वाकून बघत होते. प्रत्येक निघताना ते श्वास धरत. एकाही बांगडीला साधा तडा नव्हता. चुडा भरून झाला तेव्हा नवरीने हिरव्यागार हातांनी ठुमक्याचं कपाळ कुरवाळलं, बरोबर भोवऱ्यावर. बांगड्या किणकिणल्या. ठुमक्याचे कान हलले. बायका हसल्या, आणि एक हात पदराबाहेर आला, मग दुसरा. "मावशी, मलाही चार भर गं."

पाटील बराच वेळ खाकरले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कासारीणबाई, हा... खातो काय?"

"वाटेवरचं गवत. आणि माझी शिळी भाकरी."

"आणि चालतो कसा?"

"बसून बघा."

पाटील बसले. पाय जवळजवळ जमिनीला टेकत होते. ठुमक्या ठुमकत निघाला आणि वेशीच्या आत शिरला. आपल्याच हुकुमाबाहेर आपण कधी गेलो हे पाटलांच्या ध्यानातही आलं नाही, कारण ते लहान मुलासारखे हसत होते.

"मीच म्हणालो होतो बाजारात," कासार सगळ्यांना सांगू लागला, "घ्यायचं तर हेच!"

कासारणीने ठुमक्याकडे पाहिलं. त्या काळी जनावरं बोलत, पण शहाणी जनावरं कुठे गप्प बसायचं तेही जाणत. ठुमक्या गवत खात राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सातही वाड्यांची दारं उघडली. पांढरा घोडा पाटलांनी सपाट मुलखातल्या एका सरदाराला दिला, आणि तिथे तो मनासारखा धावला. शेतावर जायला पाटलांनी एक बुटकं तट्टू घेतलं. त्याच्या अंगावर भोवरे किती, हे त्यांनी मोजलं नाही.

बोध : रोजच्या वाटेसाठी वाहन निवडताना त्याचा थाट आणि लोकांचं बोलणं बाजूला ठेवावं, ते खातं किती, आपल्या वाटेवर चालतं कसं आणि त्याच्यावर बसल्यावर आपल्याला हसू येतं का, एवढंच पाहावं.