चरकाचा सूर

अवजारं अजून एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका गुऱ्हाळावर उसाचा रस काढणारा चरक होता. ऐन हंगामात त्याचा आस कुरकुरू लागला. त्याच दिवशी कामाच्या जागांचे आवाज गोळा करत फिरणारा एक टेपरेकॉर्डर तिथे आला. काहिलीत उकळणारा रस त्याने ऐकला, चुलवाणातला जाळ ऐकला, पण थांबला तो चरकापाशी.

"असा सूर मी कुठेच ऐकला नाही," तो म्हणाला.

चरक सुखावला. आजवर सगळ्यांनी त्याचा रसच पाहिला होता.

थोड्या वेळाने तेलाची बुधली आली. "चरकदादा, आसावर थोडं तेल घ्या."

"नको. तू माझा सूर घालवशील."

"गेल्या साली तर तुम्हाला गळाच नव्हता," बुधली म्हणाली.

"तेव्हा ऐकणारा कुठे होता?" चरकाने अंग वळवलं आणि तेल मातीत सांडलं.

कुरकुर वाढत गेली, तसा टेपरेकॉर्डर आणखी जवळ सरकला. शेवटी आस तापून जागीच अडकला. गुळव्या हणमंताने अंगणात रचलेल्या उसाकडे पाहिलं. "शेवंते, जाळ विझव," तो चुलवाणापाशी बसलेल्या बायकोला म्हणाला. "हा ऊस आता इथंच वाळणार."

चरकाने टेपरेकॉर्डरला विचारलं, "ऐकतोस ना?"

टेपरेकॉर्डरने कान लावून पाहिला. "आता काही येत नाही," तो म्हणाला.

पलीकडच्या विहिरीवरचं इंजिन नुकतंच खोकायला लागलं होतं. तो तिकडे निघाला.