पाण्यानं पेटलेली होळी

पटणार न्हाई तुम्हाला, आधीच सांगते. ह्यातल्या एका शब्दावर इस्वास ठेवून दाखवा, माझी कवळी काढून बक्षीस देते. बसलात? बसा. त्या घोंगड्यात ढेकणं हायती, मागनं म्हणू नका सांगितलं न्हाई.

फार वर्षांमागं, तुमच्या आज्याचा आजा रांगत व्हता तवा, आपल्या कुसळवाडीत आवडाक्का नावाची म्हातारी व्हती. वावर तिचं घोंगडीएवढं. पण चुलीची राख, गोठ्याचं शेण, झाडाचा पाला, सगळं त्यातच जिरायचं. तिच्या घरात टाकायला म्हणून काही उरायचंच न्हाई, असं म्हणत्यात.

एका साली पाऊस रुसला. लोकांनी दाणे खाल्ले, मग बियाणं बी भाजून खाल्लं. आवडाक्का शहाणी. तिनं भोपळा, दोडका, काकडी, घेवडा, सगळं बी शेणात दडवलं आणि त्या शेणाच्या गोवऱ्या भिंतीला थापल्या. घरात कुणाला सांगितलं न्हाई. सुनेला तर मुळीच न्हाई, सून लई खादाड. शिमगा सरला की परसात लावायचं, उन्हाळाभर गावाला भाजी आणि पुढल्या साली घरोघर बी, असा बेत.

आला शिमगा. आता होळीसाठी केलेली चोरी ही चोरी नव्हं, हे तुम्हाला मी शिकवावं व्हय? गेल्या साली माझी खाट कुणी पळवली, ठाऊक हाय मला. तर तरण्या पोरांनी आक्काच्या भिंतीवरनं समद्या गोवऱ्या उपसल्या आणि होळीवर रचल्या.

आक्का पळत आली. होळी पेटवायचा मान केरबाचा. तो मिशा पिळत उभा. बाबा, ह्यात गावाचं बी हाय, असं तिनं परोपरीनं सांगितलं. पोरं हसली. केरबाला वाईट वाटलं, पण म्हणला, होळीत पडलं ते होळीचं, वाडवडलांचा नेम हाय.

म्हातारी घरी गेली. परसात तीन तुरकाट्या, तुरीची वाळकी खोडं, एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, त्यांना कुंकू लावलं. मग टोपली घेऊन भर उन्हात परत आली आणि समद्यांदेखत आपली एकेक गोवरी उचलायला लागली.

"आक्के, काय करतीस?" केरबानं विचारलं.

"चोरी. माझ्या घरी बी होळी हाय. खालची आळी वरल्या आळीची होळी पळवती, तवा तू कधी बोलतोस का?"

केरबा बी काही कमी न्हाई.

"ने. पण होळी म्हणलीस, तर आज दिवस मावळायच्या आत पेटवावी लागंल. समदा गाव बघायला येतो."

आक्कानं गोवऱ्या तुरकाट्यांच्या बुडाशी रचल्या, आणि आला की समदा गाव तिच्या परसात. केरबानं जळता पलिता पुढं केला. आक्कानं तो घेतलाच न्हाई. विहिरीत पाणी पिण्यापुरतं, म्हणून तिनं भांडी घासलेल्या पाण्याची घागर आणली आणि गोवऱ्यांवर ओतली.

"माझी होळी पाण्यानं पेटती," ती म्हणली. "जरा दम धरा."

पोरांनी बोंब ठोकली. ती बोंब अर्ध्यातच राहिली, असं म्हणत्यात. गोवऱ्या तडकल्या. आतनं हिरवे कोंब जाळासारखे निघाले, तुरकाट्यांवर चढले, छपरावर गेले. दोडक्याच्या वेलानं केरबाच्या मिशीला असा इळखा घातला, की मिशीच कापावी लागली. एक भोपळा तर एवढा झाला, की सुनेनं तो कोरून त्यात चूल मांडली. बी निघालं तवा पहिली ओंजळ केरबानंच पसरली, आणि आक्कानं ती शिगोशीग भरली.

म्हणून अजून कुसळवाडीत होळीला काडी लागायच्या आधी गावातली सगळ्यात म्हातारी बाई तिच्यातनं गोवरी चोरती. मानकरी तोंड फिरवून उभा राहतो. घरोघरी परसात तीन तुरकाट्या उभ्या राहत्यात, बुडाशी बियांची गोवरी ठेवत्यात. भांड्याचं पाणी आवडाक्काच्या नावानं तिथं ओतायचं आणि म्हणायचं, "पेट गं बाई."

औंदा चोरायची पाळी माझी हाय. चला, उठा, निघा आता. मला टोपली शोधायचीय.