बारा वाड्यांचा अध्यक्ष कपारीत का बसतो

समोर कड्याला ती उभी चीर दिसते ना, ती बोलाची कपार. अंग तिरकं केल्याशिवाय आत जाता येत नाही. माणूस जरा भरलेला असेल तर सदऱ्याची बटणं तुटतात. आमच्या डोणकड्याच्या बारा वाड्यांची एक सभा आहे, सरकारी पंचायतीच्या कितीतरी आधीची. पाणी, चराई आणि देवाचं रान एवढंच ती बघते. दर पाच वर्षांनी सभा नवा अध्यक्ष निवडते आणि माघात त्याला पदावर बसवते. बसवते म्हणजे खरोखरच बसवते, या कपारीत. सकाळी आत जायचं ते उन्हं कलल्यावर बाहेर यायचं. त्या दिवशी भाषण होतं, पण अध्यक्ष करत नाही. वाड्यांतली माणसं एकेक करून कपारीच्या तोंडाशी येतात आणि बोलतात. तो आतून ऐकतो.

मी अठ्ठावीस वर्षं या वाड्यांतून टपाल वाटलं. बाहेरचा माणूस भेटला की हेच विचारायचा, अध्यक्षाला कोंडून का ठेवता म्हणून. माझ्या आजोबांनी सांगितलं ते सांगतो. त्या दगडाला सावली आहे, तिथे बसा.

त्या काळी अध्यक्षाला नाईक म्हणत. पहिल्या नाईकाने पदावर बसताना चारच वाक्यं सांगितली म्हणे: भांडू नका, पाणी झाकून ठेवा, रान पेटवू नका, आता जेवायला चला. दुसरा सकाळी उभा राहिला तो जेवणवेळ टळेपर्यंत बोलला. तिसऱ्याचं भाषण दोन दिवस चाललं आणि त्यात त्याने खालची नदी डोंगरावर आणून द्यायचं कबूल केलं. नदी काही चढून आली नाही, पण भाषण लोकांना पाठ झालं. तेव्हापासून नाईक निवडायचा तो त्याच्या बोलण्यावरून, अशी रीत पडली.

अशा रीतीने लुमाजी गवारी नाईक झाला. माथ्यावरच्या सहा वाड्यांचा माणूस, उंचापुरा, आवाज असा की समोरच्या कड्यावरून परत यायचा. कपारीच्या आत पाण्याचं टाकं आहे. त्याचा पाझर खालच्या अंगाला दगडी पन्हाळीतून पडतो आणि तळच्या सहा वाड्या उन्हाळाभर त्यावर जगतात. लुमाजीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की भाषणात पहिला हुकूम सुटेल तो या पाण्याचा. खालची पन्हाळ बुजवून टाकं माथ्यावरच्या वाड्यांसाठी राखायचं. तळच्या वाड्यांतलं कुणी त्याला भेटायला गेलं नाही. तोही तिकडे कधी उतरला नव्हता.

पदावर बसण्याआधी नाईकाने एकट्याने कपारीत जायचं, टाक्यातलं पाणी आणायचं, त्या पाण्याने कपारीसमोरचा चौथरा धुवायचा आणि मग बोलायला उभं राहायचं, असा तेव्हाचा विधी होता. लुमाजी घागर घेऊन आत शिरला. तो बाहेर येताना सगळ्यांत आधी दिसावा म्हणून माणसं कपारीच्या वरच्या कातळावर चढली होती, दाटीवाटीने. त्यांच्या भाराने वरची शिळा सुटली आणि चिरेत येऊन बसली. माणसं वाचली. कपार बंद झाली. शिळेच्या कडेला एक वीतभर फट तेवढी उरली.

धूळ बसल्यावर लुमाजीची बायको चांगुणा फटीशी गेली आणि तिने हाक मारली. आतून आवाज आला. लागलं नव्हतं त्याला. पण जागा अशी होती की उकिडवं बसता येई, पाय पसरता येत नसत. पाठीला कातळ, गुडघ्याशी कातळ, पायाखाली थंड पाणी. अंधारात त्याला स्वतःचाच श्वास भिंतीवरून परत येताना ऐकू येई.

पाथरवट आले. त्यांनी शिळा ठोकून पाहिली आणि दोन वाटा सांगितल्या. टाक्याची खालची भिंत पातळ आहे, ती फोडली तर संध्याकाळपर्यंत नाईक बाहेर, पण टाकं रिकामं होईल आणि पुन्हा कधी भरणार नाही. शिळा समोरून छिन्नीने फोडायची तर आठ-नऊ दिवस.

माथ्यावरच्या माणसांनी लगेच पहारी उचलल्या. पाणी त्यांचं नव्हतं. तळची माणसं खाली बघत उभी राहिली. शेवटी ठरलं की नाईक आत असला तरी नाईकच आहे, त्यालाच विचारा.

तेव्हा तळच्या वाडीची ठमाबाई फटीशी आली. वयस्क बाई, विधवा. तिने तोंड दगडाला लावलं.

"नाईक, मी ठमा, खालच्या मोहाच्या वाडीची. तुम्ही भिंत फोडा म्हणालात तर आम्ही आडवं येणार नाही. माणसाचा जीव आहे. फक्त सांगायला आले. आमच्यात सतरा घरं आहेत. दोन पोरी दिवसांवर आल्यात. दुसरं पाणी नदीचं, चार कोस. बास, एवढंच."

आत पाण्यात पाय हलल्याचा आवाज आला. मग लुमाजी म्हणाला, "शिळा फोडा. समोरून."

पाथरवट कामाला लागले. फटीतून भाकरी आत जाई. पहिले दोन दिवस त्याने धीर धरला, तिसऱ्या दिवशी त्याचं बोलणं तुटायला लागलं. घाव पडला की सगळी कपार त्याच्या डोक्यात वाजे. भिंती जवळ येताहेत असं वाटून तो हाताने त्या ढकलत राही. तळहात सोलून निघाले. जे भाषण तो घरी गुरांपुढे उभा राहून घोकत आला होता, ते त्याने आत म्हणून पाहिलं. शब्द दगडावर आपटून त्याच्याच कानात शिरत. चौथ्या वाक्यावर तो थांबला, आणि पुन्हा ते त्याच्या तोंडातून आलं नाही.

पाचव्या दिवशी चांगुणा भाकरी द्यायला गेली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. तो हळू आवाजात रडत होता.

"माझ्याच्यानं आता होत नाही. भिंत फोडायला सांग. सांग त्यांना, मी सांगितलंय."

चांगुणा माथ्यावरच्या माणसांकडे गेली नाही. तिला ठाऊक होतं, ते एका शब्दाची वाट बघत होते. ती ठमाबाईकडे गेली आणि म्हणाली, "ते फोडा म्हणतायत. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले." ठमाबाई उठली. तिने एकाच्या हातातली पहार मागून घेतली, खालच्या अंगाला गेली आणि स्वतःच भिंतीवर पहिला घाव घातला.

लुमाजीला तो आवाज वेगळ्या बाजूने आला. भिंतीतून पाण्याची एक बारीक धार सुटली, आणि आतलं पाणी त्याच्या पावलांवरून सरकल्याचं त्याला कळलं.

त्याने विचारलं, "कोण मारतंय?"

चांगुणाने फटीतून सांगितलं, "ठमाबाई."

"तिला कुणी लावलं?"

"कुणी नाही. तिनंच पहार घेतली."

असं सांगतात की तेवढ्याने त्याचं रडणं थांबलं. तो म्हणाला, "थांबव तिला. धार बुजवा. मी राहतो आत. पण मला एकट्याला सोडू नका. कुणीतरी इथे बसून बोलत राहा. काहीही बोला."

धार चिखलाने आणि तागाने बुजवली. आणि मग माणसं येऊ लागली. आधी ठमाबाई आली. तिने सुनेचं बाळंतपण कसं अडलं होतं ते सांगितलं. तिच्यामागून माथ्यावरचा एकजण आला, त्याने कबूल केलं की शिळेवर सगळ्यांत आधी तोच चढला होता. कुणी जावयाचं गाऱ्हाणं सांगितलं, कुणी बांधाचं. एका म्हाताऱ्याला काही सुचेना म्हणून त्याने आपल्या बैलांची नावं सांगितली, मेलेल्यांचीही. चार दिवस बारा वाड्यांची रांग या उतारावर लागली होती. लुमाजी उत्तर देत नसे. त्याचा घसा बसला होता. पण माणूस बोलत असला की भिंती जागच्या जागी राहत, असं त्याने पुढे चांगुणाला सांगितलं.

नवव्या दिवशी दुपारी शिळा फुटली. लुमाजीला दोघांनी धरून बाहेर काढलं. तो पुन्हा कधी पुरता ताठ उभा राहू शकला नाही. लोकांनी त्याला तसाच उचलून चौथऱ्यावर ठेवलं आणि भाषणासाठी गप्प झाले.

तो डोळ्यांवर हात धरून बसला होता. म्हणाला, "मी काय बोलणार? जे बोलायचं ते तुम्ही चार दिवस बोललात."

पाण्याचा तो हुकूम सुटलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात माथ्यावर दुसरं टाकं खणलं गेलं, आणि म्हणे खणायला तळच्या वाड्याही वर आल्या. लुमाजीनंतर जो नाईक झाला तो भाषणाला उभा राहिला तेव्हा त्याला ठमाबाईने विचारलं, "तू कधी ऐकणार?" तो कपारीत जाऊन बसला. तिथून हा रिवाज सुरू झाला.

आमच्यात आजही कुणाला अध्यक्ष व्हायचं असेल तर त्याची बायको किंवा तिचा नवरा आधी विचारतो, आत बसवेल का. पुष्कळ जण तिथेच माघार घेतात. दोन वर्षांपूर्वी कमळ भांगरे अध्यक्ष झाल्या, शाळेत शिकवायच्या त्या. उन्हं कलली तरी रांग सरली नव्हती. माझा नंबर आला तेव्हा मी वाकून आत पाहिलं. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता, दोन्ही तळवे कातळाला लावले होते, धाप लागली होती. मला जे सांगायचं होतं ते मी विसरलो. म्हणालो, "बाई, वेळ झाली. या बाहेर, कुणी काही म्हणणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तुमच्यामागे किती जण आहेत?"

मी वळून मोजले. अकरा होते. मी बाजूला झालो.