पहिल्या पंगतीचा पाहुणा

"मान दिला, त्यात माझं काय चुकलं, बुवा?"

यदुनाथचा आवाज चढला होता. मठाचा भंडारा, अंगणात पहिली पंगत बसलेली, आणि सगळ्यांच्या देखत बस्त्याव सिद्दी पानावरून उठून घरी गेला होता. भरल्या पानावरून!

मठाचे महंत बाळगीरबुवा चुलीपाशी बसले होते. "काय बोललास त्याला?"

"चांगलंच बोललो. पहिल्या पंगतीत बसवलं, शाल घातली. माइकवरून सांगितलं, यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, एवढ्या मोठ्या देशात हा समाज मूठभर, पण आज हे आपले मानाचे पाहुणे आहेत."

"पाहुणे..."

"हो. मग?"

बुवांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

यदुनाथ याच मठात लहानाचा मोठा झालेला. पण शहरात चार बुकं शिकून आला आणि घरचंच विसरला. भंडाऱ्याची आमटी बस्त्यावच्या हातची, त्याआधी त्याच्या बापाच्या हातची. इथला रिवाज असा, की पाहुणे पहिल्या पंगतीला आणि रांधणारे-वाढणारे घरचे लोक शेवटच्या. बस्त्याव जन्मात कधी पहिल्या पंगतीला बसला नव्हता. यंदा त्याच्या हातातला आमटीचा डाव काढून घेतला, तो या शहाण्यानंच.

"त्यांना कदरच नाही," यदुनाथ पुटपुटला.

बुवा उठले. बस्त्यावनं पानाशेजारी घडी करून ठेवलेली शाल त्यांनी उचलली, झटकली आणि यदुनाथच्या खांद्यांवर घातली.

"दुसरी पंगत बसतेय. या पाहुणे, बसा."

"अहो बुवा, मी कसला पाहुणा? मला वाढायचंय."

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता? वाढायला घरची माणसं आहेत."

यदुनाथ हसला. बुवा हसले नाहीत.

मग तो मुकाट्यानं बसला. मंजुळाकाकू भात घेऊन आल्या. याच काकूंनी त्याला मांडीवर घेऊन भरवलेलं. त्यांनी बुवांकडे एकदा पाहिलं आणि पदर सावरून विचारलं,

"कुठले म्हणायचे आपण? आवडलं का आमचं गाव?"

"काकू!"

"लाजू नका हो. पोटभर जेवा."

यदुनाथनं उचललेला घास पानात टाकला. "अगं, मी इथलाच आहे!" तो ओरडलाच. आजूबाजूचे जेवता जेवता थांबले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोही भरल्या पानावरून उठला आणि तडक चढावरच्या सिद्दीवाडीत गेला.

बस्त्याव ओट्यावर बसला होता, उपाशी. त्यानं शालीकडे पाहिलं.

"तुलाबी घातली?"

यदुनाथनं मान हलवली आणि त्याला रडूच फुटलं. "चुकलो, मामा."

"मला वाटलं..." बस्त्याव थांबला. "वाटलं, चूल सुटली आपली. पाहुणा म्हंजे काय, आज आला, उद्या जायचा. मी कुठं जाऊ रे?"

यदुनाथ खाली पायरीवर बसला.

मग बस्त्यावनंच विचारलं, "आमटीत आमसुलं टाकली का?"

"नाही... राहिली."

"आरं कर्मा! आन् तसलीच वाढली लोकांना? तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस माझी!"

तो उठला तो चपला न घालताच निघाला. यदुनाथ धावत मागे.

मठात शेवटची पंगत बसायची होती. चुलीवर तपेलं रटरटत होतं. बस्त्यावनं आमसुलं टाकली, आणखी उकळी येऊ दिली, तळहातावर थेंब घेऊन चाखला, आणि यदुनाथकडे बघून पुन्हा एकदा चिडला. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

यदुनाथनं खांद्यावरची शाल काढली. चांगली जरीकाठाची, महागाची शाल. ती हातात घेऊन तो बुवांपुढे उभा राहिला.

"बुवा, हिचं काय करू?"

"तपेलं तापलंय," बुवा म्हणाले. "एका टोकानं तू धर, एका टोकानं तो. उतरवा खाली."