तिसऱ्यांचं रक्त

“मग रक्त खोटं बोलतं का, बाबा? एवढंच सांगा.”

शिंपले भाजून चुना करणारे म्हातारे दाऊदबाबा आपल्या भट्टीपाशी शिंपले निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

वैजयंती उभीच होती. परदेशात सात वर्षं समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करून ती खाडीकाठच्या आपल्या गावी परतली होती. कंपनीच्या सांडपाण्यानं खाडी बिघडली का, यावर चार वाजता पंचायतीत सुनावणी होती. तिथं तिचा अहवाल वाचला जाणार होता. त्यात काय लिहिलंय ते गावात फुटलं होतं. आणि आज सकाळी तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढणाऱ्या बायकांनी तिला चिखलातून हाकलून दिलं होतं.

“‘कंपनीची बाई’ म्हणाल्या मला. तिकडची नोकरी सोडून आले मी, या खाडीसाठी. आणि मलाच असं म्हणतात.”

“कोण म्हणालं?”

“जनाबाय. तुझ्या त्या नळीत आमच्या पोटाचंपण माप घे, म्हणाली.”

“बरं बोलली.”

वैजयंतीचा चेहरा लाल झाला.

“मला कंपनी दोषीच हवी होती, बाबा. पण तीन महिने मोजतेय मी. पाणी आंबट होतं, ते लिहिलंय. रक्त आंबट होत नाही. माशांचं नाही, तिसऱ्यांचंही नाही. म्हणजे बाधा नाही, असंच लिहावं लागलं. बायकांना वाईट वाटेल म्हणून आता आकडा बदलू?”

“बदलू नकोस.”

ती भांडायच्या तयारीनं आली होती.

बाबांनी एक शिंपला टोपलीत टाकला. “पाणी आंबट, आणि रक्त नाही. हे जमतं कसं?”

आता ती भराभर बोलू लागली. हे तिचं होतं.

“मासा कल्ल्यांतून आम्ल बाहेर टाकतो. बदल्यात पाण्यातलं मीठ आत घेतो. आम्लावरचा उतारा रक्तात साठवतो. एखाद्या दिवसात तोल सावरतो.”

“शहाणा आहे. आणि तिसरी?”

“तिला तेवढं जमत नाही. पाणी निवळेपर्यंत ती तोंड मिटून बसते.”

“मिटल्यावर आत आंबट होत नाही?”

“होतं ना. तिच्या श्वासाचंच आम्ल आत साठतं. मग ती आपल्याच शिंपल्याचा चुना विरघळवते, आणि तो चुना…”

ती थांबली.

बाबांनी एक शिंपला पुढं केला. “नख ओढ.”

तिनं ओढलं. तपकिरी रेघा, तीच जुनी चकाकी. काही निघालं नाही.

“आतून.”

तिनं शिंपला उलटा करून नख ओढलं. नखात पांढरी भुकटी आली.

…

“पूर्वी एक टोपली डोक्यावर घेतली की मान मोडायची,” बाबा म्हणाले. “आता दोन नेतो. या वयात. लोकांना वाटतं, म्हातारा काहीतरी खातो.”

वैजयंती राखेतच बसली. नखातली भुकटी तिनं अंगठ्यानं चोळून पाहिली.

“म्हणजे रक्त ठीक राहिलं, कारण…”

“वाक्य पुरं कर.”

तिनं केलं नाही. तिनं बाबांकडं पाहिलं. सकाळपासूनचा सगळा संताप तिच्या डोळ्यांत उतरला होता.

“तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?”

“चार वर्षं.”

“चार वर्षं? जनाबाय त्या चिखलात उभी राहून ओरडत होती. लोक तिला वेडी म्हणत होते. आणि तुम्ही टोपल्या उचलत होतात?”

“हो.”

“का?”

“कंपनी चुना माझ्याकडून घ्यायची. तिच्या पाण्याचा आंबटपणा मारायला, तोही पुरेसा नाही. तिच्या जिवावर जेवत होतो, तेव्हा बोललो नाही. मग तिनं चुना घेणं बंद केलं. म्हटलं, आता बोललो तर लोक म्हणतील, गिऱ्हाईक गेलं म्हणून ओरडतो.”

“मग आता त्या पाण्याचा आंबटपणा कोण मारतं?”

बाबांनी तिच्या हातातल्या शिंपल्याकडं बोट दाखवलं.

“फुकटात,” वैजयंती म्हणाली. “स्वतःचं घर खाऊन.”

पंचायतीच्या दिशेनं भोंग्याची खरखर ऐकू आली. कुणीतरी माईक तपासत होतं.

तिनं पिशवीतून अहवाल काढला. शेवटच्या पानावर दोन शब्द होते: बाधा नाही. त्यांवरून तिनं रेघ ओढली. मग तिचा पेन तसाच थांबला.

“पण याच्या जागी लिहू काय? शिंपल्यांची जाडी मोजायला हवी. दहा वर्षांपूर्वीचे शिंपले शोधायला हवेत. सहा महिने तरी लागतील. आज माझ्याकडं नुसतं नख आहे, बाबा. कंपनीचे लोक हसतील मला.”

“हसतील.”

“बायका ऐकून घेणार नाहीत.”

“नाही घेणार.”

“त्यापेक्षा मी तारीख पुढं मागते. आज सगळेच तापलेत. जरा वातावरण निवळू दे, मग मी नीट, पुराव्यासकट…”

बाबा उठले. त्यांनी एका टोपलीवर दुसरी टोपली ठेवली आणि दोन्ही डोक्यावर घेतल्या. हाताचा आधारसुद्धा दिला नाही. ते पंचायतीच्या वाटेला लागले.

“तुम्ही कुठं निघालात? चार वर्षांचा जाब विचारतील तुम्हाला. जनाबाय तर सोडणारच नाही.”

बाबा थांबले. डोक्यावरच्या ओझ्याखाली जेवढी वळवता आली, तेवढीच मान त्यांनी वळवली.

“पाणी निवळल्यावर तिसरीपण तोंड उघडते, बाय.”