कबरस्तानातले योहान

“फादर, एवढ्या क्रूसांवर एकच नाव कसं?”

भर समुद्रात एक खडकाळ बेट होतं. बेटावर मठ, आणि मठामागे कबरस्तान. विचारणारा लाम्बर्ट, नावांचा मोठा पंडित. माणसाने नाव सांगायचा अवकाश, हा त्या नावाची सात पिढ्यांची कुळी मांडून बसायचा.

म्हातारे फादर अँसेल्म एका क्रूसाला चुना लावत होते.

“एकच कुठे? हा जाँ. तो हुआन. पलीकडे इव्हान.”

“सगळी एकाच योहानाची पिल्लं!” पंडित हसला. “फ्रान्सात जाँ, स्पेनमध्ये हुआन, रशियात इव्हान. मूळ नाव हिब्रू.”

“असेल. बुडालेला कुणी लाटेबरोबर वाहून आला की आम्ही त्याला योहान म्हणतो. बिननावाचा कसा पुरायचा? अंगावरच्या कपड्यांवरून देश ताडायचा, आणि त्या देशाच्या भाषेत नाव लिहायचं.”

पंडित एकेका क्रूसावरचं नाव वाचत पुढे सरकला.

“अर्थ काय हो त्या नावाचा?” फादरनी विचारलं.

“देवाने कृपा केली.”

“कृपा!” स्वतःचेच शब्द कानावर पडताच पंडित एकदम ओरडला. “या सगळ्यांवर?”

फादरनी कुंचला चुन्यात बुडवला.

“माझा मुलगाही योहान. नाव मीच निवडलं होतं. त्याचं जहाज याच खडकावर फुटलं... सांगा फादर, यातला माझा कोणता?”

“अंगात काय होतं त्याच्या?”

पंडित डोळे मिटून आठवू लागला.

“सदरा? कुठल्या रंगाचा?”

“दारात उभा राहून म्हणाला, बाबा, निघतो. मी लिहीत होतो. बरं म्हणालो... मान वर केली नाही.”

पोराचं नाव दुनियेतल्या साऱ्या भाषांत पाठ, आणि पोराच्या सदऱ्याचा रंग ठाऊक नाही. असली विद्या चुलीत घालावी! त्याला रडूही येईना.

“अंदाजाने सांगा, फादर. खोटं सांगा... पण एक दाखवा.”

फादरनी चुन्याचा कुंचला पंडिताच्या हातात दिला.

“कुठूनही सुरू करा. यातल्या एकाचाही बाप अजून आलेला नाही.”