ओढ्यापलीकडचा देश

एका टेकडीवर एक गाव होतं आणि त्या गावात म्हातारे फार होते. म्हातारे होते म्हणून कुणाची तक्रार नव्हती. ते पारावर बसायचे आणि उठायचेच नाहीत, ही तक्रार होती. सुना त्यांचं जेवण पारावर आणून द्यायच्या. जेवून तिथेच चूळ भरायची, तिथेच डुलकी काढायची आणि जाग आली की तिथूनच गावाला शहाणपण शिकवायचं.

त्यांच्यातला सर्वांत मोठा दाजीबा खोत. दाजीबा आयुष्यात एकदाच गावाबाहेर गेला होता, स्वतःच्या लग्नाला. अक्षता पडल्या आणि बायको घेऊन तो त्याच पावली परतला. त्याच्या शेजारी नागोअण्णा बसायचा. दाजीबाचं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणणं, एवढंच त्याचं काम. ते तो मन लावून करायचा.

गावाच्या दोन रीती होत्या. समुद्रापार जायचं असेल तर पारावरून विडा घ्यायचा. विडा न घेता कुणी गेला, तर मागे राहिलेलं त्याचं घर वाळीत. विस्तव बंद, पाणी बंद. ही झाली एक रीत. दुसरी जरा गोड होती. देश पाहून कुणी परतला की गावातला सर्वांत मोठा माणूस स्वतःच्या हाताने त्याचे पाय धुवायचा. पायाला देशाची माती लागलेली असते, ती पवित्र. ते मातकट पाणी मग सगळे कपाळाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दाजीबाच्या डोळ्यांत तर पाणीच यायचं.

त्या गावात कोंडाजी विणकराचा मुलगा होता, सटवा. बंदरावरच्या बाजारात एकदा त्याला एक खलाशी भेटला. समुद्रापलीकडे लवंगांचं एक बेट आहे, तो म्हणाला. जमीन दिसायच्या आधी वारा येतो आणि त्या वाऱ्याला लवंगेचा वास असतो. डोळे मिटले तरी कळतं, आलो. त्या दिवसापासून सटव्याला दुसरं काही सुचेना. माग चालवतानाही तो मध्येच थांबून हवा हुंगायचा. गलबताचा तांडेल त्याला न्यायला तयार होता. फाटलेली शिडं शिवायला विणकराचा हात कुणाला नको असतो?

सटवा पारावर गेला आणि त्याने विडा मागितला.

"समुद्रापलीकडे?" दाजीबा म्हणाला. "का रे, आपल्या देशात काय कमी आहे? आधी आपला देश बघ. मग परक्या देशाच्या गप्पा मार."

"गप्पा मार," नागोअण्णा म्हणाला.

"तुम्ही कुठला कुठला देश पाहिलात, दाजीबा?" सटव्याने विचारलं. त्याने खरंच जाणून घ्यायला विचारलं होतं.

दाजीबा कडेला उभ्या असलेल्या कोंडाजीकडे वळला. "कोंडाजी, पोराला वळण लाव."

कोंडाजीने काय केलं? खाली बघितलं. बाप बहुतेक हेच करतात.

सटवा देश बघायला निघाला. रागात निघाला, पण निघाला. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा पस्तावा झाला नाही. देश मोठा होता आणि सुंदर होता. एका घाटात ढग पायांच्या खाली आले. एका गावी मैलोगणती मिठाची आगरं होती आणि चांदणं पडल्यासारखी भर दुपारी चमकत होती. कुठे भाकरी तांदळाची, कुठे मक्याची. प्रत्येक मुलखात त्याने तिथल्या भाषेतले दोन शब्द शिकून घेतले, 'पाणी' आणि 'पुरे'. एवढ्यावर माणूस कुठेही जगतो.

तो परतला. दाजीबाने त्याचे पाय धुतले, पाणी कपाळाला लावलं, डोळे भरून आणले. मग म्हणाला, "दक्षिण पाहिलीस. उत्तर राहिली की!"

"राहिली की," नागोअण्णा म्हणाला.

गलबत त्याला न घेताच गेलं. सटवा उत्तरेला गेला. परत आला, पुन्हा पाय धुतले, पुन्हा डोळे भरले. "नद्या पाहिल्यास," दाजीबा म्हणाला. "डोंगर कुठे पाहिलेस?" तेही गलबत गेलं. डोंगर झाले, तेव्हा जंगलं निघाली.

दाजीबाला सटव्याला देश दाखवायचाच नव्हता. त्याला पोरगं अडवायचं होतं. जो स्वतः कुठे गेला नाही, त्याला दुसरा कुणी निघाला की पोटात दुखतं. आणि पोटदुखी म्हटलं तर लोक ओवा देतात. देशप्रेम म्हटलं की पाया पडतात.

जंगलं पाहून सटवा आला, तेव्हा पावसाळा सरला होता. बंदरात गलबत लागलं होतं आणि दिवाळीआधी निघणार होतं. तांडेलाने निरोप धाडला, या खेपेला आला नाहीस तर दुसरा माणूस बघतो. सटव्याने विडा मागितला.

दाजीबाने मिशीवरून हात फिरवला. "माझं एकच म्हणणं आहे. या देशाचा एकही कोपरा बघायचा राहता कामा नये. राहिला नाही ना, मग घे विडा."

"एकही नाही?"

"एकही नाही. शपथ आहे पाराची."

सटवा उतारावर जाऊन बसला आणि कुठला कोपरा राहिला ते आठवू लागला. समोर खाली ओढा होता. ओढ्यापलीकडे वस्ती होती आणि वस्तीतून धूर निघत होता. तो धूर त्याने जन्मल्यापासून रोज पाहिला होता. लहानपणी आई सांगायची, ओढ्यापर्यंत खेळ, पुढे नको. का नको, ते कुणी सांगितलं नाही. आणि त्यानेही कधी विचारलं नाही. सगळा देश पालथा घातला, पण हाकेच्या अंतरावरचा तो धूर कुठल्या चुलीतून येतो, ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला स्वतःची लाज वाटली. मग राग आला. मग तो उठला आणि ओढा ओलांडून गेला. पाणी घोट्याइतकंसुद्धा नव्हतं.

पहिल्याच घरासमोर एक बाई भिंतीसाठी चिखल तुडवत होती. पावसाने तिच्या घराची एक बाजू ढासळली होती. तिचं नाव चांगुणा. सटव्याला बघून ती थांबली.

"कुणाचं ढोर मेलं?"

"ढोर?"

"वरच्या गावचं माणूस ढोर मेलं की येतं. तेपण ओढ्याच्या त्या काठाला उभं राहून हाका मारतं. तू पाणी ओलांडून आलास म्हणजे बैलबिल मेला असेल मोठा."

"कुणी मेलं नाही, मावशी. मी देश बघायला आलोय."

चांगुणा हसली. कमरेवर हात ठेवून हसली. "देश बघायला? आणि आम्हाला? आम्ही काय देऊळ आहोत? बरं, कुठून आलास एवढा?"

"वरच्याच आळीतून. कोंडाजी विणकराचा."

"अगं बाई," चांगुणा म्हणाली, "म्हणजे फारच लांबून आलास."

सटवा ढासळलेल्या भिंतीकडे बघत राहिला.

"आलास तर नुसता बघत उभा राहू नकोस," ती म्हणाली. "बघून भिंत उभी राहत नाही. ये, चिखल तुडव."

सटव्याने चिखल तुडवला. उन्हं चढेपर्यंत दोघांनी मिळून भिंत कमरेइतकी चढवली. मग चांगुणाने नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी त्याच्यापुढे ठेवली. ठेवली आणि बघत राहिली, हा खातो की नाही. सटव्याने खाल्ली, वर आणखी मागितली. तेव्हा ती मोकळी बोलायला लागली. लवंगांच्या बेटाचं ऐकून म्हणाली, "मलापण एक ठिकाण बघायचंय. लहानपणापासून मनात आहे."

"कुठलं?"

"तुमचा पार. म्हणतात, तिथून समुद्र दिसतो."

दिसायचा. पाराच्या मागच्या बाजूने समुद्राची लकाकती रेघ स्वच्छ दिसायची. म्हातारे तिकडे पाठ करून बसायचे, कारण रस्त्यावरून कोण कुणाबरोबर गेलं ते समुद्रावर दिसत नाही.

"चल," सटवा म्हणाला. "आत्ता दाखवतो."

"तू पुढे जा," चांगुणा म्हणाली. "तुझी गत काय होते ते बघते. मग मी माझं ठरवीन."

सटवा तसाच वर गेला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. पारावर जाऊन त्याने पाय पुढे केले.

"धुवा, दाजीबा. शेवटचा कोपरा पाहून आलो."

दाजीबाने तांब्या उचलला. "वा! कुठली रे ही माती? लालसर दिसते."

"ओढ्यापलीकडची."

तांब्या खाली पडला. नागोअण्णाला पुन्हा म्हणायला काही मिळालं नाही. मग एकच गलका झाला. बाटवलं! गाव बाटवलं! दाजीबा उठून उभा राहिला. ज्या हातांनी त्याने दूरदेशाचा चिखल कपाळाला लावला होता, ते हात त्याने पाठीमागे लपवले.

"ती आपल्या देशाची माती नाही का?" सटव्याने विचारलं.

"जीभ आवर!"

"नाही आवरत. गंगेकाठचा गाळ कपाळाला लावून रडलात. ओढ्याकाठचा का नको? तुमचा देश सुरू कुठे होतो, दाजीबा? लांबचा असेल तर आई आणि शेजारचा असेल तर विटाळ?"

"सटव्या, पाया पड, माफी माग," कोंडाजी म्हणाला. जमिनीकडे बघतच म्हणाला.

पण दाजीबा मूर्ख असला तरी कच्चा नव्हता. ही गोष्ट चार लोकांत गेली, तर पाराला कोण विचारणार? त्याने आवाज खाली आणला. इतका गोड आवाज गावाने कधी ऐकला नव्हता.

"हे बघ बाळा. झालं ते झालं. ओढ्यावर पाय धुऊन ये. पलीकडे गेलोच नव्हतो, म्हण. पाय घसरून काठावर पडलो, म्हण. आणि हा घे तुझा विडा. उद्याच जा. लवंगांच्या बेटावर जा, नाहीतर त्याच्याही पलीकडे जा!"

आणि खरंच त्याने विडा पुढे केला. हिरवागार, लवंग टोचलेला. सटव्याच्या नाकात वास गेला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी उन्हातान्हात तंगडतोड केली, ते समोर होतं. बोलायचं काय, तर एक लहानसं खोटं. त्याचा हात उचललाही गेला.

मग तोंडातली जवळ्याची चव त्याला आठवली. भाकरी ठेवून बघत राहिलेली चांगुणा आठवली.

"गेलो होतो," तो म्हणाला. "भिंत बांधली. जेवलो. चटणी दोनदा मागून घेतली. तुमचा विडा तुम्हीच खा. तुम्हाला तेवढाच प्रवास झेपतो, हातापासून तोंडापर्यंत."

"वाळीत!" दाजीबा किंचाळला. "घर वाळीत!"

"वाळीत!" नागोअण्णा म्हणाला. त्याला सूर सापडला होता.

एवढा गोंधळ चालू असताना चांगुणा टेकडी चढून आली. कुणाची परवानगी न विचारता, पदर खोचून, चिखलाच्या हातांनी. ती सरळ पारावर चढली. तसे म्हातारे धोतरं सावरत टणाटणा खाली उतरले. कुणाचे जोडे राहिले, कुणाची काठी. आजवर त्या पारावरून त्यांना कुणी उठवू शकलं नव्हतं. एका बाईच्या सावलीने उठवलं. दाजीबा तर इतका पळाला, की तेवढ्या चालण्यात त्याचं अर्धं तीर्थाटन झालं असतं.

चांगुणा कठड्यावर बसली आणि तिने समुद्र बघितला.

"एवढंच होय? पाणीच की." थोड्या वेळाने म्हणाली, "पण पुष्कळ आहे."

सटव्याची आई गर्दीत उभी होती. आता पुढे आली आणि तिने भाकऱ्यांचं फडकं सटव्याच्या हातात दिलं.

"तू जा. घराची काळजी करू नकोस. विस्तव बंद केला तर करू दे. ओढ्यापलीकडे रोज धूर दिसतो. म्हणजे तिथे विस्तव असणार."

कोंडाजीने पहिल्यांदाच मान वर केली. तेवढंही त्याला फार झालं.

सटवा बंदराची वाट चालू लागला. चांगुणाने पारावरून हाक मारली.

"ए, लवंगांच्या बेटावाल्या! परत आलास की एवढंच सांग. तिथेपण ओढा असतो का रे?"

तात्पर्य: 'आधी आपला देश बघ' असं जो सांगतो, त्याचे पाय आधी बघावेत. ज्याने शेजारच्या वस्तीचा उंबरा ओलांडला नाही, त्याने देश पाहिलेला नाही. आणि अशा माणसाला देशाचं नाव घेऊन कुणाचीही वाट अडवण्याचा अधिकार नाही, मग तो वयाने कितीही मोठा असो.